कार्नेशनला हवा पाहिजे डिसेंबरची अन् उजेड पाहिजे मे महिन्याचा

डिसेंबर लागला की जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही नर्सरीत जा, शेवंती अन् पिटूनियाच्या शेजारी काळ्या पिशवीत एक निळसर हिरव्या पानांचं बारीक काडीचं रोप दिसतं, त्याला दोनचार झालरवाली गुलाबी नाहीतर लाल फुलं असतात, आणि नर्सरीवाला ठासून सांगतो, घेऊन जा भो, बारमाही आहे. तो खोटं बोलत नाही, पण ते युरोपातलं खरं आहे. भूमध्य समुद्राच्या आसपास, जिथलं हे मूळ झाड, तिथे ते दोन-तीन वर्षं आरामात जगतं. आपल्याकडे तेच झाड दसऱ्यानंतर जन्माला येतं, माघ-फाल्गुनात फुलतं आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बहुतेकांच्या कुंडीत त्याची वाळकी काडी राहिलेली असते. मग लोक म्हणतात पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, नजर लागली. तसं काही नसतं. या झाडाचं गणित समजलं तर त्याचं मरणंही समजतं आणि त्याच्याकडून फुलं कशी काढून घ्यायची तेही समजतं.

आधी हातात नेमकं काय आलंय ते बघा, कारण कार्नेशन या नावाखाली आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. वीतभर उंचीचं, गुच्छ करून वाढणारं, एकेरी पाच पाकळ्यांचं, पाकळीची कड कातरल्यासारखी अन् मधे गडद रंगाचं कडं असलेलं फूल असेल तर ते चायना पिंक, म्हणजे नुसतं डायंथस. ते कार्नेशनचं सख्खं भावंड आहे, पण कार्नेशन नाही. दुसरं म्हणजे बियांच्या पाकिटातून येणारं शाबो जातीचं कार्नेशन, हे फ्रान्सकडचं वाण, दीड-दोन फूट वाढतं, फूल भरगच्च आणि बऱ्याचदा वासाचं. आणि तिसरं बुकेमधलं, लांब ताठ दांड्याचं, जे पुणे-नाशिककडच्या पॉलिहाऊसमधून येतं, ते बियांपासून करतच नाहीत, कलमानेच करतात. त्याच्यातही एका दांडीवर एकच मोठं फूल ठेवलेलं ते स्टँडर्ड आणि एका दांडीवर पाचसहा छोटी फुलं असलेलं ते स्प्रे. माझं स्पष्ट मत सांगतो, खान्देशात घरच्या कुंडीसाठी पहिल्या दोनांपैकी घ्या, तिसऱ्याच्या नादी लागू नका, ते झाड गच्चीसाठी तयार केलेलंच नाही.

आता झाड जरा जवळून बघा. पानं जोडीजोडीने समोरासमोर येतात, अरुंद, टोकाला किंचित वळलेली, आणि प्रत्येक जोडी जिथे काडीला चिकटते तिथे एक फुगीर पेर असतं. पानावर अंगठा घासला की राखाडी थर निघून जातो अन् खालचा खरा हिरवा रंग दिसतो, तो थर म्हणजे मेण. पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली सोय. काडी पेरापाशी वाकवली तर वाकत नाही, काडकन तुटते, म्हणून हिला आधाराची काठी लागते आणि पॉलिहाऊसमध्ये तर जाळीचे चारपाच थर लावून एकेक काडी त्या चौकटीतून वर काढतात. बुकेत जी पांढरी बारीक ठिपक्यांसारखी जिप्सोफिला भरतात ना, ती याच कुळातली, तिची काडी बघितली तर तिथेही तीच फुगीर पेरं सापडतील.

मेण बघून लोकांना वाटतं हे झाड उन्हाला पक्कं असणार. थोडा कोरडेपणा ते सहन करतंच, कोरड्या हवेचं त्याला वावडं नाही, उलट दमट हवेत ते जास्त आजारी पडतं. त्रास होतो तो तापमानाचा, विशेषतः रात्रीच्या. कार्नेशनला दिवसा साधारण १८ ते २४ अंश अन् रात्री १० ते १५ च्या आत-बाहेर असलं की ते खूश. ३० च्या वर सतत गेलं की काड्या बारीक होतात, फुलं लहान होतात, पाकळ्या कमी भरतात. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा ४५ आणि मध्यरात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका, तिथे हे बिचारं काय करणार. दिवसभर उन्हात झाड अन्न बनवतं आणि रात्री श्वासात ते खर्च करतं, रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त, मग साठवायला काही उरत नाही आणि झाड आतून रिकामं होत जातं. वरून पाणी कितीही घाला.

इथपर्यंत ठीक आहे, थंडीचं झाड आहे म्हणून थंडीत लावा, संपलं. पण खरी गंमत पुढे आहे. कार्नेशनला कळी धरायला मोठा दिवस आवडतो. म्हणजे दिवस छोटा असला तर कळी येतच नाही असं नाही, येते, पण झाड खूप वेळ लावतं, नुसती पानांच्या जोड्यांवर जोड्या काढत बसतं, आणि दिवस मोठा झाला की पटकन मनावर घेतं. त्याच्या मूळ गावी, समजा ४० अंश अक्षांशावर, जूनमधला दिवस पंधरा तासांचा असतो आणि तरी डोंगरउतारावर रात्र गार असते. म्हणजे मोठा दिवस अन् गार रात्र दोन्ही एकदम. आपण २१ अंशांवर. जळगावला डिसेंबरच्या शेवटी दिवस असतो अकरा तासांच्या आसपास आणि मे-जूनमध्ये वाढून वाढून सव्वातेरा. म्हणजे आपल्याकडे हवा त्याच्या मनासारखी असते तेव्हा उजेड कमी असतो अन् उजेड वाढायला लागला की पाठोपाठ चटके सुरू होतात, दोन्ही मनासारखं असं वर्षात कधीच जमत नाही, त्यातल्या त्यात जवळ येतात ते फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला भाग. म्हणूनच आपल्याकडची सगळी कार्नेशनं त्या पाच-सहा आठवड्यांत एकदम फुलतात आणि नर्सरीतून डिसेंबरात आणलेलं रोप आधीची दोन फुलं संपल्यावर महिनाभर नुसतं हिरवं उभं राहतं. ते रुसलेलं नसतं, दिवस वाढायची वाट बघत असतं. फुलांचा धंदा करणारे हीच अडचण पॉलिहाऊसमध्ये रात्री बल्ब लावून सोडवतात, झाडाला दिवस मोठा झालाय असं वाटायला लावायचं. ज्यांच्या ओट्यावर रात्रभर लाइट चालू असतो त्यांनी एक कुंडी त्याच्याखाली अन् एक अंधाऱ्या बाजूला ठेवून बघा, फरक समजायला मजा येते.

हे गणित डोक्यात ठेवलं की पेरणीची वेळ आपोआप ठरते, फेब्रुवारीपासून उलटं मोजायचं. शाबोला बी पडल्यापासून फुलापर्यंत पाच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून नवरात्र-दसऱ्याच्या सुमाराला बी पडलंच पाहिजे. दिवाळी उरकून निवांत टाकू म्हणाल तर फुलं येतील तेव्हा होळी होऊन गेलेली असेल अन् पाकळ्या कडेने भाजायला लागतील. बी काळं, चपटं. ऑक्टोबर हीट हा आपला पहिला अडथळा, बी उगवायला २० अंशांच्या आसपास चांगलं आणि आपल्याकडे तेव्हा दुपारी ३५, त्यामुळे ट्रे उन्हात ठेवू नका, माठाजवळची किंवा बाथरूमबाहेरची गार सावली बघा, वरून ओलं बारदान अंथरा पण रोज उचलून बघा. आठवडा-दहा दिवसांत कोंब वर येतो, कोंब दिसला त्याच दिवशी बारदान काढायचं नाहीतर रोपं लांब पिवळी होऊन माना टाकतात.

महिना-सव्वा महिन्यात चारपाच जोड्या पानं झाली की रोप कुंडीत. आठ-दहा इंची कुंडीत एकच, वाफ्यात लावलं तर दोन रोपांत वीतभर जागा. आणि लावताना खोल पुरू नका, ट्रेमध्ये जितकं मातीत होतं त्याहून एक बोट वरच राहिलं तरी चालेल. याचं कारण मातीत आहे. आपली तापीकाठची काळी माती कापसाला केळीला सोनं, पण कार्नेशनच्या मुळांना ती गुदमरवते, पाणी धरून ठेवते, सुकली की भेगा पडून बारीक मुळं तोडते. चुनखडीचं याला फारसं भय नाही, थोडी चुनखडी चालते, भय आहे ते साचलेल्या पाण्याचं. म्हणून काळी माती फार तर चौथा हिस्सा, बाकी लाल माती नाहीतर नदीची जाड वाळू, जुनं शेणखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. पाणी सकाळी, मुळाशी, वरचा बोटभर थर सुकल्यावर. गल्लीतल्या एक काकू रोज संध्याकाळी पाइपने सगळ्या झाडांना अंघोळ घालतात, मोगरा जास्वंद खूश असतात, कार्नेशनच्या पानांवर मात्र तांबेरा या बुरशीचे तपकिरी फोड येतात, कारण रात्रभर पान ओलं राहतं.

पाचसहा जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. इथे लोकांचा हात धजत नाही, पण खुडलंच पाहिजे. शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ऑक्झिन, ते खाली उतरून बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब गेला आणि प्रत्येक पानाच्या बगलेतून फूट येते, चार-पाच फांद्या मिळतात, म्हणजे एका फुलाऐवजी चार-पाच. पण याची किंमत वेळेत द्यावी लागते, फुलं तीनचार आठवडे पुढे जातात, म्हणून खुडणं नोव्हेंबरच्या शेवटी, फार तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. जानेवारीत खुडलं तर फुलं एप्रिलमध्ये ढकलली, म्हणजे भट्टीतच.

मग कळ्या. फांदीच्या टोकाला एक मोठी आणि तिच्या खाली बगलेत छोट्या. मोठं फूल पाहिजे तर छोट्या वाटाण्याएवढ्या झाल्या की बाजूला वाकवून काढून टाका, भरपूर छोटी फुलं पाहिजे तर उलटं करा, मधली मोठी काढा. कळी दिसल्यापासून उमलेपर्यंत थंडीत जवळजवळ महिना जातो, त्यात रोज जाऊन बघण्यासारखं काही नसतं, फक्त हिरवी नळी हळूहळू जाड होत जाते.

आणि मग एक दिवस ती नळी एका बाजूने फाटलेली दिसते. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात, कीड लागली का म्हणून. कीड नाही. शाळेच्या पुस्तकात निदलपुंज म्हणायचे ती ही नळी, कळीच्या सगळ्या पाकळ्या हिच्यात गच्च गुंडाळलेल्या असतात. रानातल्या मूळ फुलाला पाकळ्या पाचच, बागेतल्या भरगच्च फुलाला चाळीस-पन्नास, पण नळीचं माप फारसं वाढलेलं नाही. त्यात रात्री फार गार पडल्या, १० च्या खाली, की कळीत पाकळ्या आणखी जास्त बनतात, आणि दुपारी ऊन २९-३० झालं की त्या झपाट्याने वाढतात. आखाजीला माहेरी निघालेल्या सासुरवाशिणीची बॅग कशी दाबून दाबून भरतात अन् चेन मधेच उसवते, तसं. नळी एका बाजूने फाटते आणि पाकळ्या तिकडून बाहेर लोंबतात. आपल्याकडे जानेवारीत दिवस-रात्रीचा फरक अठरा-वीस अंशांचा असतो, त्यामुळे हे होणारच, पाण्याची ओढाताण आणि बोरॉनची कमतरता असेल तर आणखी जास्त. पॉलिहाऊसवाले उमलायच्या बेतात आलेल्या कळीला बारीक रबर बँड घालतात, घरी धाग्याचा सैल वेढा दिला तरी फूल सरळ उमलतं. थंडीच्या लाटेत रात्री कुंड्या भिंतीला लावून ठेवल्या तर फरक थोडा कमी होतो. एकेरी चायना पिंकला ही भानगडच नाही, पाच पाकळ्या, नळीत मोकळी जागा.

वासाचं थोडं. जुन्या जातींना लवंगेचा वास येतो, आणि तो भास नाही, लवंगेत जे युजेनॉल असतं तेच या पाकळ्यांमध्येही असतं. बुकेतल्या फुलांना बहुतेक वेळा वास नसतो, कारण निवड करताना लोकांनी दांडा, आकार अन् टिकाऊपणा बघितला, वासाकडे कोणी बघितलं नाही. या बुकेवाल्या जातींची एक मोठी शाखा एकाच माणसाच्या झाडापर्यंत जाते, अमेरिकेतल्या मेन राज्यात विल्यम सिम नावाच्या उत्पादकाने १९३० च्या दशकाच्या शेवटी एक लाल कार्नेशन काढलं, आणि मग त्या लाल झाडाच्या फांद्यांवर आपोआप पांढरी, गुलाबी, पट्टेरी फुलं येत गेली, तीच फांदी कापून लावली की नवीन जात. मूळ संकर वगैरे काही नाही, फांदीतल्या पेशीत झालेला बदल. संकराच्या बाबतीतही कार्नेशनचं नाव पहिलं घेतात, लंडनच्या थॉमस फेअरचाइल्डने १७१७ च्या सुमाराला स्वीट विल्यम या दुसऱ्या डायंथसचे परागकण कार्नेशनवर टाकून माणसाने मुद्दाम केलेला पहिला फुलझाडांचा संकर तयार केला, ते झाड वांझ निघालं म्हणून लोक त्याला खेचर म्हणायचे. निळ्या रंगाचं मात्र लक्षात ठेवा, कार्नेशनमध्ये निळं रंगद्रव्य बनवायची सोयच नाही, जी जांभळट जात आहे ती १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात पिटूनियाचं जनुक घालून केलेली. आणि दुकानात गडद निळं दिसलं तर तो पांढऱ्या फुलाच्या दांडीला पाजलेला रंग, कापलेलं टोक बघा, तिथे निळं दिसतं.

आता आपल्या भागातली खास गोष्ट, केळी. फूल उमलल्यावर थंडीत झाडावर दोन आठवडेही टिकतं, मग शेवट अचानक येतो, पाकळ्या पिवळ्या पडून गळत नाहीत, एका रात्रीत आत वळून मिटतात, फूलवाले याला झोपलं म्हणतात. हे करणारा वायू म्हणजे इथिलीन. फूल म्हातारं झालं की स्वतःच इथिलीन सोडायला लागतं, थोडं सुटलं की त्या थोड्याने आणखी सुटतं, आणि मग थांबत नाही. परागीभवन झालं तरी हेच होतं, कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पराग पडला की फुलाचं काम झालं, पाकळ्यांवर खर्च कशाला. रावेर, यावल, चोपड्याकडच्या लोकांना हा वायू सांगायला नको, रायपनिंग चेंबरमध्ये हिरवी केळी ज्याने पिकवतात तोच हा. पिकणारं केळं तो सोडतं अन् कार्नेशन त्याला अतिशय हळवं आहे, फार थोडा वायूसुद्धा पुरतो. तर बुके आणला आणि डायनिंग टेबलवर केळ्याच्या फणीशेजारी ठेवला तर दोन दिवसांत सगळी फुलं झोपलेली दिसतील, अन् शिव्या फूलवाल्याला बसतील. फ्रिजमध्ये पिकलेल्या फळांबरोबर ठेवलं तरी तेच. फूल धंद्यात यावर चांदीच्या क्षाराचं द्रावण पाजतात, चांदी इथिलीनची खूण फुलाला समजूच देत नाही. घरी एवढंच करा, फळं एका खोलीत, फुलं दुसऱ्या, दांडी दोन पेरांच्या मधोमध तिरकी कापा, पेरावर कापली तर पाणी नीट चढत नाही.

मार्च सरत आला की झाडाची उतरण सुरू. कोरडी गरम हवा म्हणजे लाल कोळीची चंगळ, पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळं, वरून पान राखाडी ठिपक्यांचं. निव्वळ पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून सकाळी सकाळी मारला तरी बराच कमी होतो. पण सगळ्यात वाईट म्हणजे मर. एक फांदी एका बाजूने कोमेजते, पाणी दिलं तरी उठत नाही, मग दुसरी, आणि काडी उभी चिरली तर आत तपकिरी रेघ दिसते. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरून पाण्याच्या नळ्या बंद करते, माती गरम झाली की ही जास्त जोरात. यावर औषध शोधत बसू नका, झाड मातीसकट फेकून द्या, ती माती परत कार्नेशनला वापरू नका. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावायची तर ती आधी, लागवडीच्या वेळी शेणखतात मिसळून.

उन्हाळा काढायचाच असेल तर फुलं संपल्यावर झाड अर्ध्यावर छाटा, पूर्वेची सकाळची दोन-तीन तासांची उन्हं मिळतील अन् दुपारी सावली अशी जागा, वर ५० टक्क्यांची शेडनेट, कुंडीभोवती ओलं बारदान. एवढं करून झाड जूनला पोचतं, मग पाऊस लागतो आणि मुळं कुजतात. मला विचाराल तर या खटाटोपात पाण्याची नासाडी आहे, तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या जागी राहत असाल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा फेब्रुवारीत फुल न आलेल्या बगलेतल्या फुटी, बोटभर लांब, चारपाच जोड्यांच्या, हाताने पेरापाशी मोडून घ्या, ओल्या वाळूत लावा, तीनचार आठवड्यांत मुळं धरतात, ही छोटी रोपं घरात खिडकीपाशी सांभाळणं मोठ्या झाडापेक्षा सोपं जातं.

बी धरायचं असेल तर चायना पिंकवर धरा. भरगच्च कार्नेशनमध्ये बरेचसे पुंकेसर पाकळ्याच होऊन बसलेले असतात, त्यात पराग आधी पिकून जातात अन् कुक्षी मागून तयार होते, त्यामुळे एकाच फुलात आपोआप जमत नाही आणि बी थोडकंच मिळतं. चायना पिंकची वाळलेली नळी मार्चमध्ये बघा, आतल्या बोंडाचं तोंड चार दातांनी उघडलेलं असतं, वाकडी केली की काळं बी हातावर पडतं. त्यातून येणाऱ्या रोपांचे रंग सरमिसळ निघतील, आणि पाकिटावर एफ वन, म्हणजे संकराची पहिली पिढी, असं लिहिलेलं असेल तर मूळ फुलासारखं काही येईल अशी अपेक्षाच धरू नका, त्याचं दर दसऱ्याला नवीन पाकीट घ्यावं लागतं.